सर्टिफिकेट नको, मशीन उघडून दाखवा

दोस्तहो, कविता पुढच्या अंकाला देईन. या खेपेला मला पैशाचं बोलायचं आहे. चाळीस हजार रुपयांचं.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. जिल्हा अहमदनगर. २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर झालं. एसटीच्या पाटीवर काहीही लिहा, आमच्या तोंडात ते नगरच. दसरा झाला की आमच्याकडची माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, मग थंडीवाऱ्यात फडात राबून ती फेडायची. तीन वर्षांमागं आबानं, म्हणजे माझ्या बापानं, उचलीतले चाळीस हजार बाजूला काढले आणि माझ्या बहिणीला शहरातल्या एका 'पॅरामेडिकल' संस्थेत घातलं. संस्था कसली, मोबाइलच्या दुकानावरचा माळा. जिन्यात पांढऱ्या कोटातल्या पोरीचं पोस्टर. आत दोन खोल्या आणि हाडांचा एक सापळा. तोही प्लास्टिकचा, आणि त्याला डावा हात नाही. सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन करतो म्हणाले. केली. सोनेरी काठाचं सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला, पेढे वाटले.

तो कागद घेऊन ती तीन दवाखाने फिरली. चौथ्या ठिकाणी एका बाईनं कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "पोरी, याच्यावर कुठल्या कौन्सिलचा शिक्का नाही. हे चालत नाही." आणि मग, तिला खरंच वाईट वाटलं असावं, म्हणाली, "झाडलोटीला एक जागा आहे. येतेस?"

माझे आईबाप त्या कागदासाठी अख्खा हंगाम ऊस तोडत होते. आणि कागदानं माझ्या बहिणीला नेऊन उभं केलं कुठं? झाडूपाशी. जिथं मनूनं उभं केलं होतं तिथंच. फक्त मधे चाळीस हजार गेले.

धाकटा भाऊ दुसरीकडं, एका खाजगी आयटीआयला होता. ट्रेड रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग. दहावी पास लागतं, दोन वर्षांचा कोर्स. घरी आला की मी विचारायचो, काय शिकलास? एकदा म्हणाला, "दादा, आमच्याकडं चालू एसी एकच हाये. तो बी प्राचार्याच्या केबिनात. त्याला हात लावायचा न्हाई."

या एका वाक्यावर मी हा लेख लिहितोय.

मी गोदीत कंत्राटी कामगार. जहाजावरच्या कंटेनरला लोखंडी रॉड लावायचे, आवळायचे, काढायचे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पुढचं गोदी शिकवते. आमच्या यार्डात रीफर कंटेनरांची रांग असते, म्हणजे थंडीचे डबे. द्राक्षं शून्याच्या आसपास, मासळी उणे अठराला. वायर खुपसलेली, यंत्र चोवीस तास गुरगुरतंय. आत परदेशी जाणारी द्राक्षं गारेगार, बाहेर आम्ही मे महिन्यात लोखंडावर भाजतोय. डब्याच्या मशीनसमोर उभं राहिलात तर अंगावर भट्टीसारखी हवा येते. मला वाटायचं मशीन तापलं असेल.

एका रात्री तिथला मेकॅनिक, आमच्याच वयाचा पोरगा, पाळीवर चहा पीत होता. त्याला विचारलं, ही गरम हवा कुठून येते? तो हसला नाही. टॉर्च घेऊन उठला, झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत सगळं दाखवलं. हा कॉम्प्रेसर, गॅस दाबतो. दाबला की तापतो. हा कंडेन्सर, तो ताप बाहेर फेकतो आणि गॅसचं पाणी होतं. हा व्हॉल्व्ह, इथं दाब एकदम सुटतो. हा आतला कॉईल, इथं त्या पाण्याची परत वाफ होते आणि होताना ती आतली उष्णता पिऊन घेते. पुन्हा कॉम्प्रेसर. म्हणाला, "गारवा कुणी तयार करत नाही, भाऊ. आतली गरमी उचलून बाहेर टाकायची, एवढंच." माझ्या भावाला दोन वर्षांत जे दाखवलं नाही ते त्यानं मला कपातला चहा संपायच्या आत दाखवलं. आणि त्यानं माझं आडनाव विचारलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्यांनी आजवर मला काही शिकवतो म्हटलं त्यांतल्या बहुतेकांनी आधी आडनाव विचारलं होतं.

आतली गरमी उचलून बाहेर टाकायची. दोस्तहो, या समाजाचं यंत्र याहून वेगळं चालतं का? बंगल्यात गारवा आणि मागच्या गल्लीत, जिथं आपली खोली आहे, तिथं त्याची गरम हवा. ती गरम हवा अंगावर घ्यायची की झाकण उघडून यंत्र हातात घ्यायचं, हा माझा सवाल आहे. आणि मी म्हणतो, हातात घ्या.

का, ते सांगतो. गावगाड्यात प्रत्येक कामाला जातीचा मालक होता. लोखंड लोहाराचं, लाकूड सुताराचं, मेलेलं ढोर आमचं. फ्रीजला बलुतेदार नाही! कॉम्प्रेसरची जात कुठल्याच पुराणात लिहिलेली नाही. अमोनियाच्या पाइपवर कुणाचं वतन नाही. जे काम नवं आहे त्यात आधी पाय रोवतो त्याचा हक्क तयार होतो. आणि हा मेकॅनिक जातो कुठं? फ्रीज कुठं असतो? स्वयंपाकघरात. ज्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर माझ्या आजीनं भाकरी झेलली, तिथं जाऊन फ्रीज ओढून काढायचा, मागचं पॅनेल उघडायचं, बाईला सांगायचं, दूध बाजूला ठेवा. ही छोटी गोष्ट नाही.

पण नवं यंत्र आलं की जात आपोआप मरते असं समजणारा मूर्ख. मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. गिरणी काय वेदात होती? तरी विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आमच्या थुंकीनं तो बाटायचा. पगार त्याच खात्यात जास्त. आम्ही कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. यंत्र विलायती, बाट देशी! जातीनं यंत्र फोडलं नाही, यंत्राच्या भोवतीच्या जागा वाटून घेतल्या. आजही तेच होईल, आपण झोपलो तर. गेज लावणारा एक, आणि पाठीवर आउटडोअर युनिट घेऊन तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर दोरीशिवाय उतरणारा दुसरा. तो दुसरा कोण असतो हे तुम्ही जाणता.

आता दवाखान्याकडं या. तिथं हे जास्त उघडं आहे.

महारकीत काय होतं? मेलेलं ढोर ओढणं, मयताची खबर गावोगाव पोचवणं. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. मग कित्येक सरकारी शवागरांत मुडदा फाडायला उभा असतो तो कोण? हातात चाकू त्याच्या, कवटी तोच फोडतो, टाके तोच घालतो. डॉक्टर नाकाला रुमाल लावून चार हातांवरून पाहतो आणि रिपोर्टवर सही करतो. पन्नास मुडदे फाडलेल्या त्या माणसाला शरीर माहीत नसेल? पण त्याची जागा 'सफाई कामगार'. त्याच्या ज्ञानाला कागद नाही. आणि माझ्या बहिणीजवळ कागद होता, त्याला ज्ञान नव्हतं. दोन्हीकडून मार खाल्ला तो आम्हीच.

उलटंही पाहा. नर्सचं काम. मलमूत्र, रक्त, बाळंतपण, परक्या पुरुषाचं अंग पुसणं. वरच्या घरांना हे विटाळाचं वाटायचं. आमच्या नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. सावित्रीबाईंनी मास्तरकीचं शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडंच घेतलं. मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या वाटेनं ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांच्या लेकी नर्स झाल्या, पांढरी साडी नेसून शहाण्यासुरत्या फिरल्या. पगार आला, मान आला, तेव्हा त्या कामाचा विटाळ भुर्रकन उडाला. कामाला घाण चिकटलेली नसते. पगार कमी असेपर्यंतच ते घाण असतं.

म्हणून मी म्हणतो, डॉक्टरच्या आजूबाजूची जी कामं आहेत, रक्त तपासणं, एक्स-रे काढणं, डायलिसिसचं मशीन चालवणं, ऑपरेशन थिएटरची तयारी, ती सगळी नजरेत धरा. दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. कोरोनाचे किमान ११ रुग्ण गेले. कुठल्या वायरनं पेट घेतला हे ठरवणारा मी कोण? पण त्या दिवशी मला एक कळलं. व्हेंटिलेटर, ऑक्सिजनचा पाइप, एसीची वायर, भिंतीतलं स्विचबोर्ड, या सगळ्यावर रोज कुणाचा तरी शिकलेला हात फिरायला हवा. कारवाई झाली ती डॉक्टर आणि नर्स बायांवर. हात नसलेल्या जागेवर कोण कारवाई करणार?

आणि या दोन शिक्षणांचा सांधा कुठं आहे ठाऊक आहे? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका पेटीत. तिला आयएलआर म्हणतात, आत बर्फाचं अस्तर असलेला फ्रीज. बाळाच्या लसी त्यात २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या. वर गेली तर बाद. खाली जाऊन गोठली तर काही लसी तेवढ्याच बाद, आणि बाहेरून बाटली पाहून कळतही नाही. रक्तपेढीत तांबड्या पेशी २ ते ६ डिग्रीला, प्लाझ्मा उणे तीसला, प्लेटलेट २० ते २४ ला आणि सतत हलवत. गावात दिवे गेले, यंत्र बिघडलं, मेकॅनिक चार दिवसांनी आला, तर आपल्या वस्तीच्या पोराच्या दंडात जाते ती लस नाही, पाणी. सुई टोचल्याचं रडणं तेवढं खरं. पुण्यात अशा यंत्रांची दुरुस्ती शिकवणारं राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे सरकारला हे काम काय आहे ते समजतं. आपल्या पोरांना मात्र कुणी सांगत नाही की गॅसचा गेज धरणारा हातसुद्धा माणूस जगवतो.

इथं आपलेच काही शिकलेले दोस्त भांडायला उठतील. म्हणतील, बाबासाहेब बॅरिस्टर झाले, आणि तू पोरांना पाना धरायला लावतोस? वरच्यांना हेच हवंय: त्यांची पोरं डॉक्टर, आमची टेक्निशियन, त्यांची इंजिनियर, आमची मिस्त्री.

दोस्तहो, हा आरोप पोकळ नाही. 'स्किल, स्किल' करणारे मंत्री आणि शिक्षणसम्राट स्वतःच्या पोराला आयटीआयला घालत नाहीत, हे मलाही दिसतं. साखर कारखाना, मग दूध संघ, मग कॉलेज, मग दवाखाना, हा नगर जिल्ह्याच्या सत्तेचा जिना आहे, आणि त्याच्या पहिल्या पायरीखाली माझ्या बापाचा कोयता आहे. १ जानेवारी २०१३ ला सोनईला तीन मेहतर तरुणांना मारून टाकलं. ते शिक्षणसंस्थेतच कामाला होते. सफाईच्या. त्यांना बोलावून नेलं तेही संडासाच्या टाकीच्या कामाचं निमित्त करून. शिक्षणाच्या आवारात आपल्याला कुठली जागा राखून ठेवलेली असते ते मला शिकवू नका.

पण बाबासाहेबांचं अर्धंच वाचू नका. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी दोन्ही मागितलं. परदेशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि त्याच कागदात अस्पृश्य तरुणांना रेल्वेच्या वर्कशॉपात आणि सरकारी छापखान्यात उमेदवारी मागितली. वरचं टोकही आपलं, पानाही आपला. डॉक्टर व्हायचं तर जरूर व्हा. पण ज्याला आज दहावीनंतर घर चालवायचंय त्याला डॉक्टरकीचं स्वप्न दाखवून कोयत्याकडं परत धाडू नका. आयटीआयची दोन वर्षं केलेला पोरगा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाऊ शकतो. जिना आहे. तो कुणी दाखवत नाही, एवढंच.

म्हणून माझं भांडण ट्रेडशी नाही, खोट्या ट्रेडशी आहे. खोटं शिक्षण नुसतं पैसे खात नाही, जीव खातं. पाइपमधली गळती तपासायला नायट्रोजन भरतात. ज्याला शिकवलेलं नाही तो हाताशी असलेला ऑक्सिजन भरतो, आत कॉम्प्रेसरचं तेल असतं, धडाका होतो. ओझोन खाणारे गॅस बंद करायचं जगानं १९८७ ला माँट्रियलला ठरवलं. आर-२२ त्यात निघाला. त्याच्या जागी आलेल्यांतला आर-२९० म्हणजे निव्वळ प्रोपेन, जळणारा. गळती तपासल्याशिवाय, खिडकी उघडल्याशिवाय त्याच्याजवळ ज्योत न्यायची नाही, हे ज्याला फळ्यावर चित्र काढून शिकवलं त्याचं काय होईल? केंद्र सरकारनं मार्च २०१९ मध्ये थंडाव्याचा राष्ट्रीय आराखडा काढला. त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख मेकॅनिकांना शिकवून सर्टिफिकेट द्यायचं लिहिलं. चांगलं लिहिलं. मी विचारतो, किती कागद वाटले ते नाही, किती जणांच्या हातात गेज दिला?

तेव्हा या वर्षीच्या प्रवेशाला, चळवळीच्या पोरांनो, भिंती रंगवून झाल्या की एक काम करा. संस्थांच्या दारात उभे राहा. आत येणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या हातात चार सवाल द्या.

एक. मशीन दाखवा. चालू किती, उघडायला किती? व्हॅक्यूम पंप, गेज, नायट्रोजनचा सिलिंडर, ब्रेझिंगचा सेट आहे का? केबिनातला एसी धरू नका.

दोन. शिक्का कुणाचा? आयटीआय असेल तर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार का? आरोग्याचा कोर्स असेल तर २०२१ चा केंद्राचा कायदा पुढं करा. त्यात टेक्निशियनच्या शिक्षणाला किमान दोन वर्षं आणि २००० तास लिहिलेत. सहा महिन्यांत टेक्निशियन बनवणारा दिसला की समजा, दलाल आहे. माझ्या आबाला हा आकडा कुणी सांगितला असता तर चाळीस हजार वाचले असते.

तीन. उमेदवारी कुठं? शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. विद्यावेतन त्यात आहे. कोर्स संपल्यावर पोरगं कुठल्या कारखान्यात, कुठल्या दवाखान्यात उभं करणार, ते तोंडी नको, लिहून द्या.

चार. शिष्यवृत्ती कुणाच्या खिशात? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेबांच्या झगड्याची. तिच्या जिवावर कागदी वर्ग भरवणाऱ्यांसाठी सरकारला चौकशीचं विशेष पथक नेमावं लागलं, ते उगाच नाही. हजेरीपटावर आपली पोरं आणि वर्गात पाली, असं कॉलेज दिसलं तर गप्प बसू नका.

आणि पाचवं आपलं आपल्याला. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या दवाखान्यात मोजा: झाडू कुणाच्या हातात, मशीन कुणाच्या हातात. नावं नकोत, आडनावं नकोत, जातवार नुसता आकडा. तो आपल्या मासिकात छापू. मग कळेल, गावगाडा मेलाय की पांढरा कोट घालून उभा आहे.

घरचं सांगून थांबतो. बहीण बारावी सायन्सला पुन्हा बसली आहे. या वेळेला शिक्का पाहूनच पैसे भरू. भाऊ नगरला एका मिस्त्रीच्या हाताखाली आहे. मागच्या सुट्टीत गावी गेलो तर अंगणात करकर आवाज. त्यानं भंगारातून फ्रीजचा मेलेला कॉम्प्रेसर आणला होता, काळा गोळा, आणि हॅक्सॉनं त्याचं कवच कापत बसला होता. आयटीआयनं दोन वर्षांत जे उघडलं नाही ते दीड तासात उघडलं. आत तांब्याची तार, एक अंगठ्याएवढा पिस्टन, थोडं काळं तेल. आबा कोयत्याला धार लावत होता. उठून आला, उकिडवा बसला, पिस्टन बोटानं वर-खाली केला.

म्हणाला, "एवढंच हाय व्हय आत?"

एवढंच आहे, आबा. एवढंच झाकून ठेवलं होतं.